"रेट जास्त होता" याच्या पुढचं उत्तर कसं मिळालं

नागपुरात मिहान-हिंगण्याकडे वायरिंगची सब-कॉन्ट्रॅक्टची कामं घेतो. कोटेशन नाकारलं गेलं की मेन कॉन्ट्रॅक्टरचं ठरलेलं उत्तर: "रेट जास्त होता, भाऊ." किती, कशात, ते नाही. फोन झाले, चहा झाला, रेट पाडूनही पाहिला. वैताग आला होता.

जमलं ते असं. काम दुसऱ्याला सुटल्यावर आठवडाभर थांबलो. मग मालकाला नाही, कोटेशनं जुळवणाऱ्या बिलिंग इंजिनीअरला व्हॉट्सॲप केलं: "रेट बदलायचा नाही, कुणाचं नाव नको. पॉइंट, केबल, डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), अर्थिंग यांपुढे माझा रेट इतरांपेक्षा वर, खाली की बरोबर, फक्त एवढंच लिहा."

वीस मिनिटांत उत्तर! पॉइंट बरोबर, केबल खाली, अर्थिंग वर. शिवाय इतरांनी १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, माझा रेटमध्येच. तक्त्यात मी उगाच महाग दिसत होतो. आता जीएसटी शेवटी वेगळ्या ओळीत लिहितो.