हिवाळी भाज्यांची तयारी थंडी पडायच्या आधीच करा, बाग कशी लावायची ते सविस्तर

थंडी पडू दे मग बघू हिवाळी भाज्यांचं, असं बरेच जण म्हणतात आणि तिथेच सगळं हुकतं. बी उगवायला आणि रोपाला मुळं धरायला जमिनीत ऊब लागते, ती ऊब थंडीच्या आधी असते, नंतर नसते. कोबी, फ्लॉवर, गाजर, पालक ही मंडळी थंडी छान सोसतात पण ती मुळं धरलेली, जरा अंगात आलेली असतील तर. कडाक्याच्या थंडीत टाकलेलं बी नुसतं मातीत पडून राहतं, कधी कुजतं, आणि उगवलंच तरी महिनाभर दोन पानांवरच अडकून बसतं. म्हणून माझं सांगणं एकच, हिवाळी बागेचं ८० टक्के काम थंडीच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत उरकायचं, प्रत्यक्ष थंडीत फक्त राखण करायची.

तुमच्याकडे खरी थंडी साधारण कधी सुरू होते ते आठवा आणि तिथून उलटं मोजा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीचं बी निदान ८ ते १० आठवडे आधी ट्रेमध्ये पडलं पाहिजे, कारण रोप लावणीला यायलाच ४ ते ६ आठवडे जातात आणि मग वाफ्यात रुजायला वेळ हवा. गाजर-बीटलाही जवळपास तेवढाच वेळ द्या. मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर लवकर येणारी, त्यांना ४ ते ६ आठवडे पुरतात. पाकिटावर जे दिवस लिहिलेले असतात ते चांगल्या हवामानातले धरलेले असतात, थंडीत त्यात दोन-तीन आठवडे वाढवूनच हिशोब करा. जिथे हिवाळ्यात दिवस १० तासांपेक्षा लहान होतो तिथे भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, मग झाडं वाढत नाहीत, फक्त टिकून राहतात, तुम्ही हवं तेव्हा काढून खायचं एवढंच. विषुववृत्ताच्या जवळच्या भागात दिवस एवढा लहान होतच नाही, त्यामुळे तिथे हिवाळाभर थोडं थोडं पेरत राहता येतं, दर १०-१५ दिवसांनी एक ओळ, म्हणजे सगळी मेथी एकदम तयार होऊन एकदम फुलावर जात नाही.

आता ऊन. हे बहुतेक लोक विसरतात आणि मग खत घाल, औषध मार असं चालू होतं. हिवाळ्यात सूर्य खालून जातो त्यामुळे सावल्या लांबतात. २० अंश अक्षांशावर हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी भर दुपारी १ मीटर भिंतीची सावली जवळपास १ मीटर पडते, आणि ४५ अंश अक्षांशावर तीच सावली अडीच मीटर होते, आणि ही दुपारची गोष्ट झाली, सकाळ-संध्याकाळी तर त्याहून लांब. म्हणजे उन्हाळ्यात लख्ख उन्हात असलेला वाफा हिवाळ्यात दिवसभर सावलीत असू शकतो. त्यामुळे कुंड्या, वाफे ठरवायच्या आधी शेजारची भिंत, कंपाउंड, मोठं झाड यांची सावली कुठवर येईल याचा अंदाज घ्या. ५-६ तास ऊन मिळणारी जागा फ्लॉवर, मटार, गाजराला द्या, ३-४ तासवाली जागा पालेभाज्यांना चालते. उन्हाळ्यासाठी बांधलेलं शेडनेट काढून टाका, ते तसंच राहिलं तर रोपं उंच आणि लुळी होतात.

जुनी झाडं काढणं हे नुसतं साफसफाईचं काम समजू नका, जमीन तपासायची हीच वेळ असते. टोमॅटो, वांगं, भेंडीचं थकलेलं झाड खेचून नुसतं फेकू नका, मुळं पाण्यात हलवून धुवा आणि नीट बघा. मुळांवरच फुगलेल्या गाठी दिसल्या, म्हणजे मूळच जागोजागी सुजल्यासारखं, तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांची लागण आहे, आणि त्या वाफ्यात लगेच गाजर लावलं तर वेडंवाकडं आणि फाटे फुटलेलं निघेल. तिथे लसूण किंवा कांदा घ्या नाहीतर झेंडू दाट लावून ठेवा. पण वाल, चवळी, मटाराच्या मुळांवरच्या बारीक गोल गाठी वेगळ्या असतात, त्या नखाने सहज निघतात आणि फोडल्या की आत गुलाबी दिसतात, त्या चांगल्या, नत्र म्हणजे नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या. अशी झाडं उपटूच नका, जमिनीलगत कापा आणि मुळं आत कुजू द्या. टोमॅटो-बटाट्याचा करपा पडलेला पाला घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, घरचा ढीग सगळीकडून पुरेसा तापत नाही आणि रोग पुढच्या वर्षी परत तुमच्याच वाफ्यात येतो.

टोमॅटोवर अजून हिरवी फळं असतील आणि रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं असेल तर झाडावर ठेवून फार उपयोग नाही. पूर्ण आकाराची झालेली, जरा पांढुरकी छटा आलेली फळं तोडून घरात १८ ते २१ अंशांत ठेवा, पिकतात. उन्हात ठेवायची गरज नाही आणि फ्रिजमध्ये तर अजिबात नको. मिरची-वांग्याची झाडं चांगली असतील आणि तुमच्याकडे दव गोठण्याइतकी थंडी पडत नसेल तर त्यांना काढू नका, हलकी छाटणी करून ठेवा, ऊब परत आली की फुटतात.

माती. ओली चिक्क असताना माती खणायची घाई करू नका, खुरपीने ढेकळं निघतात आणि तीच पुढे दगडासारखी होतात. मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला आणि बोट लावल्यावर सुटला तर खणा, चकचकीत चिकट गोळा राहिला तर अजून दोन-चार दिवस थांबा. मग वरच्या ६-८ इंचात पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट २ इंचाच्या थराने मिसळा. पूर्ण कुजलेलं म्हणजे वास मातीचा येतो, हाताला गरम लागत नाही आणि आत काड्या ओळखू येत नाहीत. ताजं शेण घातलं तर कोवळी मुळं जळतात, गाजराला फाटे फुटतात, शिवाय कच्च्या खायच्या भाज्यांसाठी ते धोक्याचं आहे, पालेभाज्या आणि कंदांच्या वाफ्यात ताजं शेण घातलं असेल तर काढणीपर्यंत निदान १२० दिवस जाऊ द्यायला हवेत, म्हणजे या हंगामाला ते नकोच. आणि खत आत्ताच का घालायचं, तर थंड मातीत जिवाणूंचं काम मंदावतं आणि खतातलं नत्र झाडापर्यंत पोचतच नाही, थंडीत खालची पानं पिवळी पडतात त्याचं एक कारण हेच. अशा वेळी आणखी शेणखत टाकून काही होत नाही, गांडूळखताचं पाणी वगैरे पातळ करून १५ दिवसांनी द्या, ते जास्त लवकर लागू पडतं.

वाफा बदलायचं मात्र विसरू नका. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा एका घराण्यातले, कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी दुसऱ्या, जिथे एक लावलं तिथे त्याच घराण्यातलं लगेच परत नको, जमलं तर ३ वर्षं नको. जागा कमी असेल तर निदान कुंडीतली माती अदलाबदल करा.

पेरणीत काही बारकावे आहेत जे कळले की उगवण खूप सुधारते. धणा हा मुळात दोन बियांचा जोड आहे, तो अख्खा टाकला तर उगवण उशिरा आणि विरळ होते, म्हणून लाटण्याने किंवा चपलेखाली हलका दाब देऊन दोन फोडी करा, भुगा नको, रात्रभर भिजवा आणि मग अर्धा इंच खोल पेरा. तरीही ८ ते १५ दिवस लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका. गाजराचं बी त्याहून हट्टी, २-३ आठवडे घेतं आणि तेवढा वेळ वरची माती एकदाही सुकता कामा नये, म्हणून पेरल्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, रोज उचलून बघा, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढा. गाजर-मुळ्याचं रोप करून लावणी करू नका, मूळ दुखावलं की आकार बिघडतो, जागेवरच पेरायचं. बीटचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा गुच्छ, एका जागी दोन-तीन रोपं येतात, एक ठेवून बाकीची कात्रीने कापा, उपटली तर राहिलेल्याचंही मूळ हलतं. लेट्यूसचं उलटं आहे, माती २७-२८ अंशांच्या वर गरम असेल तर त्याचं बी झोपून राहतं, तेव्हा उकाडा असताना पेरायचंच असेल तर ट्रे घरात गार जागी ठेवा. लसणाच्या पाकळ्या लावायच्या दिवशीच सुट्या करा, मोठ्या मोठ्या निवडा, टोक वर, दोन इंच खोल, ४ ते ६ इंच अंतर. लसणाला थंडी लागल्याशिवाय गड्ड्यात पाकळ्या नीट होत नाहीत म्हणून त्याला उशीर करू नका.

मागच्या वर्षीचं बी असेल तर आधी १० बिया ओल्या टिशू पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवून बघा. ७-८ उगवल्या तर बिनधास्त पेरा, ४-५ उगवल्या तर दुप्पट पेरा, त्याहून कमी आल्या तर नवीन आणा. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर टिकतं, कोबी-मुळ्याचं ४ वर्षंही चालतं.

फ्लॉवरवर जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त निराशा याच्यातच होते. रोपं ट्रेमध्ये खूप दिवस अडकली, पाण्याचा ताण बसला, किंवा खत कमी पडलं की झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरतं आणि मग तो वाढत नाही, नंतर कितीही खत घाला. त्यामुळे ४-५ खरी पानं (उगवताना येणारी पहिली दोन सोडून) आली की रोप लगेच वाफ्यात, दीड फूट अंतरावर, संध्याकाळच्या वेळी, आणि लावल्यापासून वाढ कुठेही थांबू द्यायची नाही. बी घेताना जात लवकरची आहे, मधली की उशिराची ते विचाराच, लवकरची जात उशिरा लावली तरी असाच बटणगड्डा होतो. गड्डा अंड्याएवढा दिसला की वरची पानं त्याच्यावर दुमडून हलकी बांधा, ऊन लागलं नाही की पांढरा राहतो.

पाणी हिवाळ्यात कमी लागतं हे सगळ्यांना माहिती असतं पण हात मात्र उन्हाळ्याच्या सवयीने चालतो. बोट दोन इंच मातीत घाला, आत ओल असेल तर आज पाणी नको. पाणी सकाळी द्या, झारीने बुंध्याशी, पानांवर नको. संध्याकाळी पानं ओली राहिली की रात्रभर ओलीच राहतात आणि बुरशीला तेच हवं असतं. ट्रेमधली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर, जास्त पाणी आणि दाट पेरणी हे तिचं कारण, तेव्हा विरळणी करा, हवा खेळू द्या, वरची माती थोडी सुकू द्या. मावा थंडीत कोबी-मोहरीवर हमखास येतो, पानाच्या मागे आणि कोवळ्या शेंड्यात बघायची सवय लावा, सुरुवातीला पाण्याच्या फवाऱ्यानेही निघून जातो, वाढला तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा, पानाच्या खालच्या बाजूने. मुंग्या चढताना दिसल्या तर मावा आहेच समजा.

ज्यांच्याकडे दव गोठतं त्यांनी पुढचं नीट वाचा. हवामानाच्या ॲपवर दिसणारं तापमान साधारण दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं, जमिनीलगत ते स्वच्छ आभाळाच्या, वारा पडलेल्या रात्री त्याहून काही अंशांनी खाली जातं. म्हणून ॲपवर ३-४ अंश दिसत असतील आणि आभाळ निरभ्र असेल तर झाकायची तयारी ठेवा. दुपारीच वाफ्याला पाणी द्या, ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. झाकण सूर्य मावळायच्या आधी घाला आणि कापड जमिनीपर्यंत आणून कडा विटांनी दाबा, कारण ऊब झाडातून येत नाही, मातीतून वर येते, झाडाच्या डोक्याला फडकं गुंडाळून काही होत नाही. प्लास्टिक वापरत असाल तर काठ्या रोवून पानांपासून उंच ठेवा, जिथे टेकतं तिथे पान करपतं. सकाळी ऊन आलं की काढा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते, पालापाचोळ्याचं जाड आच्छादन लसूण, गाजराच्या मुळांना थंडीपासून वाचवतं, पण मातीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे त्यावरच्या बारीक रोपांच्या पानांना गोठण्याचा धोका उलट वाढतो. अशी रोपं असतील तर त्या रात्रींपुरता पाला बाजूला सारा.

कुंड्यांची मुळं जमिनीतल्यापेक्षा लवकर गारठतात कारण चारी बाजूंनी थंडी लागते. त्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवा, खाली वीट द्या म्हणजे पाणी निघून जाईल, मातीची कुंडी पाणी भरलेली असताना गोठली तर तडकते. पाणी गोठणाऱ्या भागात ड्रिपचे पाइप आणि नळी रिकामी करूनच ठेवा.

एखादा वाफा रिकामाच राहणार असेल तर उघडा सोडू नका, मोहरी किंवा मेथी दाट टाका आणि फुलावर यायच्या आधी कापून तिथेच मातीत मिसळा. मोहरी कोबीच्याच घराण्यातली आहे तेव्हा पुढे तिथे कोबी लावायचा असेल तर मेथीच घ्या.

आणि झाकूनही एखाद्या रात्री झाडं करपली तर काळी पडलेली पानं-फांद्या लगेच छाटू नका. ती वरची मेलेली पानं खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या थंड रात्रींत आडोसा देतात, शिवाय छाटल्याने नवी कोवळी फूट येते आणि ती पुढच्या गारठ्यात पहिली मरते. थंडी ओसरून बुंध्यावर नवे कोंब दिसायला लागले की मग जिवंत भागापर्यंत कापा.