अष्टपैलूची कसोटी कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी

वेस्ट इंडिजचा गॅरी सोबर्स मोठा की दक्षिण आफ्रिकेचा जॅक कॅलिस, पाकिस्तानचा इम्रान खान की इंग्लंडचा इयान बोथम, हे अष्टपैलूंचे, म्हणजे फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्यांचे वाद बहुतेक वेळा एका वजाबाकीवर येऊन थांबतात: फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी (दर बळीमागे दिलेल्या धावा) वजा करायची आणि उरेल तो आकडा खेळाडूच्या नावावर चिकटवायचा. वजाबाकी जरूर करा, पण ती पहिली पायरी आहे. अष्टपैलूने संघाचं किती ओझं वाहिलं, हे त्यानंतर कळतं.

आधी कागदावर प्रत्येकाचे सात आकडे मांडा: सामने, डाव, नाबाद, धावा, टाकलेले चेंडू, दिलेल्या धावा, बळी. फक्त कसोटीचे घ्या. एकदिवसीय सामन्यात गोलंदाजाला १० षटकांची मर्यादा असते, त्यामुळे ते आकडे यात मिसळले की सगळंच बिघडतं. षटकांऐवजी चेंडू मोजा, कारण ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचं षटक असे.

आता वजाबाकी. सोबर्स ५७.७८ वजा ३४.०३, म्हणजे २३.७५. कॅलिस ५५.३७ वजा ३२.६५, म्हणजे २२.७२. इम्रान १४.८८, बोथम ५.१४, कपिल १.४१. भारताचाच विनू मंकड तर उणे ०.८५! या हिशेबात भक्कम फलंदाज आपोआप वर चढतो. पन्नाशीच्या सरासरीने धावा करणाऱ्याने अधूनमधून चार षटकं टाकली तरी तो पुढेच दिसणार.

म्हणून लगेच बळींना सामन्यांनी भागा. कॅलिसचे १६६ कसोटींत २९२ बळी, म्हणजे सामन्याला १.७६. सोबर्स २.५३, कपिल ३.३१, मंकड ३.६८, बोथम ३.७५, इम्रान ४.११. यादी जवळजवळ उलटी झाली. ढोबळ निकष असा ठेवा: सामन्याला तीनच्या वर बळी असतील तर तो संघाचा मुख्य गोलंदाज होता, दोनच्या खाली असतील तर गोलंदाजीही करणारा फलंदाज. कॅलिस फलंदाज म्हणून थोरच, पण कपिल जे काम करत होता ते वेगळं होतं.

नाबाद डावांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्याने भागतात. इम्रान १२६ डावांत २५ वेळा नाबाद, सरासरी ३७.६९. बोथम १६१ डावांत फक्त ६ वेळा नाबाद, सरासरी ३३.५४. आता नुसत्या डावांनी भागून बघा: इम्रान ३०.२, बोथम ३२.३. चार धावांची आघाडी पुसली जाऊन बोथमच पुढे निघतो. यावरून इम्रान कमी ठरत नाही. खालच्या क्रमांकावर जोडीदार संपले की नाबाद राहणं ओघाने येतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

यानंतर कारकिर्दीचे तुकडे पाडा, आणि ते वर्षांवर न पाडता भूमिका बदलली तिथे पाडा. नडगीच्या दुखापतीमुळे इम्रान १९८३ चा विश्वचषक निव्वळ फलंदाज म्हणून खेळला. त्या काळात गोलंदाजी न करता खेळलेल्या कसोटी सामन्याला बळींच्या भागाकारात धरू नका. भारताचे फलंदाज चंदू बोर्डे लेगस्पिनर म्हणूनही उपयोगी होते, पण खांदा दुखावल्यावर त्यांची गोलंदाजी थांबली. ५५ कसोटींत ५२ बळी हा आकडा म्हणूनच त्यांच्यावर अन्याय करतो. रवी शास्त्री १९८१ मध्ये वेलिंग्टनला दहाव्या क्रमांकावर आले आणि पुढे सलामीला खेळून १९९२ मध्ये सिडनीत २०६ काढल्या. या दोन शास्त्रींची एक सरासरी काढून हाती काही लागत नाही.

शेवटी प्रत्येकाचे दोन-तीन सामने धावफलकासकट वाचा. वानखेडे, फेब्रुवारी १९८०: भारत २४२, बोथमचे ५८ धावांत ६ बळी. इंग्लंड ५ बाद ५८ असताना त्याने यष्टिरक्षक बॉब टेलरबरोबर १७१ धावांची भागी केली, स्वतः ११४. मग पुन्हा ४८ धावांत ७ बळी. इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. हा सामना कुठल्याही सरासरीत दिसत नाही.

दुसरा वाचा लॉर्ड्स, १९५२ चा. मंकड सलामीला येऊन ७२, मग ७३ षटकं टाकून १९६ धावांत ५ बळी, आणि लगेच पुन्हा सलामीला येऊन १८४. दुसऱ्या डावात आणखी २४ षटकं. भारत आठ गड्यांनी हरला. ते उणे ०.८५ याच माणसाचं आहे, त्यामुळे वजाबाकीच्या रकान्याशेजारी सामन्यागणिक टाकलेल्या चेंडूंचा रकाना असायलाच हवा.