अर्काचं पेटंट: ‘हे कुणालाही सुचलं असतं’ हा आक्षेप येण्याआधी

वनस्पतीच्या अर्काच्या पेटंटसाठी कागद घेऊन येणारे मला ठरलेलं वाक्य ऐकवतात: ‘व्यसन सोडताना होणाऱ्या त्रासावर हे अजून कुणी वापरलेलं नाही.’ बरं, म्हणजे नावीन्य असेल. पण पेटंट कार्यालयाचा परीक्षक पुढे विचारतो, या विषयातल्या साधारण जाणकाराला हे सुचलं असतं का, आणि गुण येईल अशी वाजवी अपेक्षा त्याने धरली असती का? गाडी अडते ती इथे.

आधी व्यसन कोणतं ते लिहा. नुसतं ‘विथड्रॉवलवर (म्हणजे व्यसन सोडताना होणाऱ्या त्रासावर) उपयोगी’ असं मोघम लिहिलंत, की कुठलाही जुना लेख तुमच्यावर उलटतो. अफूवर्गीय पदार्थ सुटताना नॉरॲड्रेनलिन हे शरीराला उत्तेजित करणारं रसायन उसळतं. दारू सुटताना मेंदूला शांत करणारं गॅबा आणि उत्तेजित करणारं ग्लुटामेट यांचा तोल जातो. एकावरचा पुरावा दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही, आणि हे तुमच्याच फायद्याचं आहे.

मग अर्काचा आधीपासून माहीत असलेला गुण आणि त्या त्रासामागचं कारण शेजारी ठेवून बघा. क्लोनिडिन हे रक्तदाबाचं औषध; अफूच्या विथड्रॉवलवर ते चालतं हे 1978 मध्येच छापून आलं. क्लोनिडिन ज्यावर काम करून नॉरॲड्रेनलिनला लगाम घालतं, त्याच अल्फा-2 रिसेप्टरवर (पेशीवरच्या ग्राहीवर) तुमचा अर्क काम करतो असं कुणी आधी लिहिलं असेल, तर परीक्षक दोन्ही कागद जोडणारच. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या केएसआर खटल्यातल्या निकालानंतर ‘हे जोडा’ अशी लेखी सूचनाही लागत नाही, सयुक्तिक कारण पुरतं. उलट, अर्काने फक्त झोप लागते एवढंच माहीत असेल तर भांडायला जागा आहे. मात्र दावा ‘विथड्रॉवलमधल्या निद्रानाशावर’ असा केलात, तर तीही गेली.

शोध घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव, जुनी नावं, लोकभाषेतली नावं आणि मुख्य घटक, सगळं टाका. लॅबर्नम या झाडातलं सायटिसिन बल्गेरियात 1960 च्या दशकापासून सिगारेट सोडण्यासाठी विकलं जातंय. फक्त इंग्रजी चाळणाऱ्याला त्याची बरीचशी जुनी माहिती सापडत नाही.

आकडे मात्र नीट जमवा. मॉर्फिनची सवय लावलेल्या उंदरांना नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम तोडणारं औषध) देऊन विथड्रॉवल घडवतात आणि त्यात ते मारतात त्या उड्या मोजतात, ही नेहमीची चाचणी. पण औषध न दिलेल्या उंदरांपेक्षा उड्या कमी झाल्या, एवढ्यावर भागत नाही. सर्वांत जवळच्या ज्ञात पर्यायाशी, म्हणजे बहुधा सुट्या मुख्य घटकाशी, तुलना हवी. अख्खा अर्क त्याच्याहून अनपेक्षित सरस ठरला तर ते तुमचं हत्यार. चाचणी मुळाच्या पाण्यातल्या अर्काची आणि दावा ‘वनस्पतीच्या कोणत्याही भागाचा कोणताही अर्क’, हा हावरटपणा मी पहिल्याच मसुद्यात खोडतो.

आणि अर्ज दाखल होईपर्यंत परिषदेत पोस्टर लावू नका. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनाला वर्षभराची सवलत आहे; युरोपात तुमचंच पोस्टर तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर येतं.