'ऑर्थोडॉक्सी' नेमका कसा वापरावा

ग्रीक 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, बरोबर, आणि 'डोक्सा' म्हणजे मत. दोन्ही मिळून झालं 'योग्य मत'. यात जुनेपणा कुठेच नाही. तरी 'ऑर्थोडॉक्स' दिसलं की 'जुनाट' लिहून मोकळं होणारे खूप, आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी विचारा: हे मत योग्य असं ठरवलंय कोणी? धर्मसभेनं, पक्षानं, की त्या विषयातल्या जाणकारांनी? उत्तर सापडलं नाही तर हा शब्द गाळलेलाच बरा. '1960च्या सुमारास केन्सचा विचार ही अर्थशास्त्रातली ऑर्थोडॉक्सी होती' हे वाक्य घ्या. केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचा हाच विचार 1930च्या दशकात बंडखोर मानला जात होता. इथे 'सनातनी मत' लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होतो. 'प्रस्थापित मत' चपखल बसतं.

मराठी प्रतिशब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'कर्मठ' आचार बघतो, ऑर्थोडॉक्सी श्रद्धा आणि मत बघते. विधी काटेकोर पाळणारा माणूस मनातून नास्तिकही असू शकतो. 'कट्टर' तीव्रता सांगतो, म्हणून सुधारकही कट्टर असतो. 'सनातनी'ला हिंदू संदर्भ चिकटलेला आहे, ज्यूंसाठी तो नको. 'ऑर्थोडॉक्स ज्यू' असंच लिहा. ही ओळख एकोणिसाव्या शतकात, सुधारणावादी ज्यूंपासून वेगळेपण दाखवताना रूढ झाली.

चर्चच्या बाबतीत हे विशेषनाम आहे, भाषांतर करूच नका. इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे 'ईस्टर्न' आणि 'ओरिएंटल' या दोन्हींना 'पौर्वात्य' म्हणणं. ग्रीक, रशियन, सर्बियन ही चर्चेस ईस्टर्न. रोमच्या कॅथलिक चर्चशी त्यांची फारकत झाल्याचं साल 1054 मानतात, प्रत्यक्षात ती हळूहळू होत गेली. कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि केरळातलं मलंकरा ही ओरिएंटल. 451 साली कॅल्सेडनला भरलेल्या धर्मसभेचा ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा निर्णय त्यांनी मानला नाही. दोन्ही गट आजही वेगळे आहेत, तेव्हा मूळ नावंच ठेवा.

क्रिकेटमध्ये 'ऑर्थोडॉक्स' डावखुरा फिरकीपटू म्हणजे बोटांनी चेंडू वळवणारा. मनगटानं वळवणारा त्यात येत नाही. खेळाडूच्या विचारांशी याचा काडीचाही संबंध नाही.

व्याकरणात एवढंच सांभाळा: 'ऑर्थोडॉक्स' विशेषण, 'ऑर्थोडॉक्सी' स्त्रीलिंगी नाम. 'तो ऑर्थोडॉक्सी आहे' चूक, 'त्या पक्षाची ऑर्थोडॉक्सी' बरोबर.