लेटरबॉक्स सापडत नाही? दगड उचलण्याआधी या चुका तपासा

लेटरबॉक्सिंग म्हणजे माळावर किंवा रानात कोणीतरी लपवलेला, शिक्का आणि वही असलेला डबा लेखी संकेतांवरून शोधायचा छंद. या डब्यालाच लेटरबॉक्स म्हणतात. ठरलेल्या जागी डबा दिसला नाही की नवखी मंडळी लगेच दगड उलथायला लागतात. तसं करू नका. डबा जागेवर नसेल अशी शक्यता असतेच, पण आपण चुकीच्या जागी उभे आहोत ही शक्यता तिच्यापेक्षा खूप मोठी असते. म्हणून हात मागे ठेवा आणि संकेत पुन्हा पहिल्यापासून वाचा.

दिशाकोन उलटा धरणं

ही चूक सर्वांत जास्त दिवस वाया घालवते. या छंदाची सुरुवात इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर झाली. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमियर पूलपाशी येणाऱ्यांची भेटकार्डं ठेवायला एक बाटली ठेवली होती. उघड्या माळावर लांबच्या खुणा दिसतात, त्यामुळे तिथले संकेत बरेचदा असे असतात: ‘खडकाचा माथा ६०°, मनोरा ३१०°’. हे दिशाकोन, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले कोन, डब्यापाशी उभं राहून घेतलेले असतात. म्हणजे डब्याजवळून पाहिलं तर खडक ६० अंशांवर दिसतो. खडकापासून ६० अंशांवर डबा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

हा फरक न कळलेल्या गटाचा दिवस साधारण असा जातो. गट खडकावर चढतो, होकायंत्रावर ६० लावतो आणि उत्साहाने चालू लागतो. खाली दलदल लागते, तिला वळसा घालताना रेघ हरवते. मग अंदाजाने एक जागा ठरते आणि तिथला प्रत्येक दगड हलवून पाहिला जातो. दोन तासांनी ‘डबा चोरीला गेला’ असा निरोप डबा ठेवणाऱ्याला जातो. तो बिचारा दुसऱ्या दिवशी एवढं चालून येतो, तर डबा खडकाच्या बरोबर विरुद्ध अंगाला जागच्या जागी असतो.

खुणेकडून डब्याकडे जायचं असेल तर कोन उलटा करायचा: १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर १८० वजा करा. वरच्या उदाहरणात डबा खडकापासून २४० अंशांवर आणि मनोऱ्यापासून १३० अंशांवर येतो. नकाशावर या दोन रेघा काढा आणि त्या जिथे छेदतात तिथे जा. तिथे पोहोचल्यावर खुणेकडे तोंड करून कोन मोजा. आकडा संकेतापेक्षा जास्त आला तर उजवीकडे सरका, कमी आला तर डावीकडे. दोन्ही खुणांचे आकडे जुळेपर्यंत हेच करत राहायचं. शेवटची खात्री जवळच्या खुणेवर करा, कारण एका अंशाची चूक एक किलोमीटरवर सुमारे १७ मीटर आणि पाच किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर होते.

स्वतःची पावलं हीच मोजपट्टी समजणं

रानात लांबचं काही दिसत नाही, म्हणून तिथे संकेत पावलांत असतात: ‘पाटीपासून १४० अंशांवर ३० पावलं’. पण कोणाची पावलं? काही जण प्रत्येक पाऊल मोजतात, काही जण फक्त उजवं पाऊल जमिनीला लागलं की एक धरतात. म्हणजे अंतरात थेट दुपटीचा फरक. चढावर आणि झुडपांत पाऊल आखूड पडतं, हे आणखी वेगळं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे संकेत लिहिणाऱ्याचं पाऊल मोजून घेणं. बहुतेक संकेतांत सुरुवातीला एखादं तपासता येणारं अंतर असतं, ‘फाट्यापासून पुलापर्यंत ४० पावलं’ असं. ते चालून पाहा. तुमची ४८ भरली तर पुढचा प्रत्येक आकडा १.२ ने गुणा. ३० पावलांची ३६ होतील. फाटा आणि पूल नुसते ओलांडून पुढे धावणाऱ्यांनी ही संधी गमावलेली असते, आणि शेवटी तेच तक्रार करतात की संकेत चुकीचा आहे.

चालताना सुईकडे बघत राहू नका. रेघेवरचं एखादं झाड हेरा, त्याच्यापर्यंत जा, तिथून पुढचं हेरा.

होकायंत्राच्या इतर भानगडी

फोन, चाकू किंवा पोलादी काठी होकायंत्राजवळ असेल तर सुई भरकटते. फोन खिशात नको, पाठीवरच्या पिशवीत ठेवा. तारेच्या कुंपणापाशी कोन मोजू नका. सुईचं लाल टोक बाणात बसलं आहे ना, हे दर वेळी पाहा. पांढरं टोक बसवलं तर नेमके उलटे जाल.

जुन्या संकेतांत आणखी एक अडचण येते. चुंबकीय उत्तर, म्हणजे होकायंत्राची सुई दाखवते ती, सरकत असते. दक्षिण इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास ती खऱ्या उत्तरेच्या पाच अंशांहून जास्त पश्चिमेला होती, आज हा फरक जवळपास उरलेला नाही. त्यामुळे संकेत कोणत्या वर्षीचा आणि कोन कोणत्या उत्तरेवरून मोजलेले, हे आधी बघा. तारीख पाहण्याचं आणखी एक कारण: ‘पडलेलं झाड’ दहा वर्षांत कुजून जातं, आणि शेजारी नवं पडलेलं असतं.

संकेत ओळीओळीने वाचत चालणं टाळा, आधी पूर्ण वाचा. ‘पूल दिसला तर तुम्ही पुढे आलात’ हे वाक्य नेहमी शेवटी असतं.

खणणं, शेवाळ खरवडणं, दगडी बांध उसकटणं

याला माफी नाही. डबा काढायला खणावं लागत नाही, तो दगडाआड, ओंडक्याखाली किंवा मुळांच्या पोकळीत असतो. खणायची वेळ आली तर जागा चुकली आहे. प्राचीन दगडी रचना आणि बांध यांत डबा ठेवूच नये असा डार्टमूरवरचा नियम आहे, त्यामुळे तिथे शोधण्यात अर्थच नाही.

डबा सापडल्यावर

तो लपवलेल्या जागेवर उघडू नका. वीसेक पावलं बाजूला न्या, म्हणजे वाटेवरच्यांना जागा कळत नाही. डब्यातल्या शिक्क्याचा ठसा तुमच्या वहीत आणि तुम्ही सोबत आणलेल्या शिक्क्याचा ठसा डब्यातल्या वहीत. दमलेली माणसं इथे हमखास गोंधळतात, आणि डब्यातला शिक्का चुकून घरी जातो. शाई हलक्या हाताने टेकवा, ठसा उमटल्यावर शिक्का ओल्या कापडाने पुसून कोरडा करा. ठसा सुकत नसेल तर पानांमध्ये टिपकागद ठेवा. खाऊ किंवा वासाचं काही डब्यात ठेवू नका, प्राणी तो कुरतडतात.

झिप पिशवीतली हवा काढून ती बोटाने शेवटपर्यंत दाबत बंद करा. झाकणाच्या खाचेत पान किंवा काडी अडकली की पाणी शिरतं आणि सगळ्यांचे ठसे एकाच पावसात पुसले जातात. डबा होता तसाच, त्याच तोंडाने, त्याच दगडांनी झाका. जास्त चांगली जागा दिसली तरी हलवू नका, पुढचा माणूस जुनाच संकेत घेऊन येणार आहे.

आणि खरंच सापडला नाही तर ‘डबा गायब’ एवढंच कळवू नका. कुठे उभे होतात, कोणत्या खुणेचा किती कोन आला, पावलं कशी मोजली, हे लिहा. ठेवणाऱ्याला त्यावरूनच कळतं की प्रत्यक्ष येऊन पाहायची गरज आहे की नाही.