काजूचं वाळकं लाकूड बांधावर ठेवू नका. साल उचकटून आत कोण आहे ते बघा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, भुदरगडच्या पट्ट्यात भाताची कापणी-मळणी सुरू झाली की काजूकडं कुणी फिरकत नाही. मोहोर दिसला की मग ढेकण्यासाठी (मोहोराचा रस शोषणारी कीड) पंप खांद्यावर चढतो. तोवर रोठ्यानं, म्हणजे खोड-मूळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीनं, खोड पोखरलेलं असतं. पंधरा-वीस वर्षांचं चांगलं झाड पिवळं पडतं, वाळतं, तोडलं जातं. आणि लाकूड? ते सरपण म्हणून तिथंच बांधाला टेकवून ठेवतात. दरवर्षी बागा जातात त्या इथं.

झाड मेलं म्हणून आतली अळी मरत नाही. ती गाभ्यात शिरते, पांढरा टणक चुन्याचा कोष करते आणि त्यातून तांबूस-तपकिरी, लांब मिशांचा भुंगेरा बाहेर पडतो. तो शेजारच्या जिवंत झाडाच्या सालीच्या भेगेत अंडी घालतो, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांवर. अंडं मळकट पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. बांधावरच्या माती वाहून गेलेल्या झाडांना आधी लागण होते, असं मला वाटतं. तपासणी तिथूनच सुरू करा.

साल काढल्यावर जे दिसेल ते सगळंच शत्रू नसतं. ऊसवाल्यांना हुमणी पाठ असते, तिच्यावरूनच ओळखा. हुमणी अर्धगोल वळलेली आणि तिला तीन जोड्या पाय. रोठ्याची अळी सरळ, मळकट पांढरी, बिनपायाची, डोक्याकडं जाड, पूर्ण वाढली की बोटाएवढी लांब. ती सापडते ओल्या, जिवंत सालीखाली, आणि बुंध्याशी लाकडाचा भुसा व डिंक दिसतो. साल हातानं सुटत असेल, खाली भुसभुशीत ओल असेल आणि तिथं हुमणीसारखी मोठी अळी दिसली, तर ती गेंडा भुंग्याचीही असू शकते. काजूला तिचा त्रास नाही, पण भुंगा नारळाचा कोंब खातो. कुजका ओंडका हटवायला हे आणखी एक कारण.

काळा चकचकीत, हात लावताच पळणारा भुंगेरा दुसऱ्या किडी खातो. उताणा केला की टक् करून उडी मारणारा भुंगेराही झाड मारणारा नव्हे. शेपटीला लांब दोरा असलेली बारीक गांधीलमाशी खोडावर चाचपत फिरताना दिसली तर हाकलू नका. तो दोरा लाकडात घालून ती आतल्या अळीवर अंडी घालते. शेणखताच्या ढिगालगत खाली घिरट्या घालणारी केसाळ काळी गांधीलमाशी हुमणीच्या जातीच्या अळ्यांवर जगते. दुकानदाराला मेलेल्या सालीचा फोटो दाखवला की तो दोन-तीन बाटल्यांचा 'कॉम्बो' काढून देतो. वरच्या फवाऱ्यानं सालीखालची अळी मरत नाही, या मित्रकिडी मात्र मरतात. तो पैसा वाचवा.

करायचं ते हे. भुशाच्या जागी पटाशीनं साल उघडा, बोगद्याचा माग काढा, अळी तारेनं ओढून मारा. नुसती जखम करून सोडू नका, अळी सापडेपर्यंत थांबा. मग क्लोरपायरीफॉस २० टक्के, १० मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून, त्या जागेवर, मीटरभर उंचीपर्यंतच्या खोडावर आणि उघड्या मुळांवर ब्रशनं चोपडा. हातमोजे घाला, विहिरीजवळ भांडी धुऊ नका. शेजारच्या निरोगी झाडांना निंबोळी तेल ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० मिली, थोडा साबण घालून चोपडा.

घेराच्या निम्म्याहून जास्त साल गेलेली किंवा वरचा सगळा पाला पिवळा पडलेला असेल, तर औषधावर एक रुपयाही घालू नका. मुळासकट काढा.

बाकीची कामं:
- बुंध्याभोवतीचं गवत काढणे
- उघड्या मुळांवर माती चढवणे
- वाळक्या फांद्या छाटणे
- महिन्यातून एकदा बुंधे तपासणे

पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत अंडी घालणं चालू राहतं, म्हणून काढलेलं लाकूड त्याच आठवड्यात हलवा. जळणाला हवंच असेल तर ओंडके बागेतच फोडा, कोष आणि अळ्या बाहेर काढून मारा, साल जागेवर जाळा (भोवतालचं गवत आधी साफ करून) आणि मगच फाटी घराकडं न्या. शेजाऱ्याच्या बांधावर ढीग असेल तर त्याच्याशीही बोला. भुंगेऱ्याला सातबारा कळत नाही.