म्युटेशन की पार्टिशन : जमिनीच्या अर्जात योग्य शब्द कसा निवडावा

गोव्यात जमिनीचे बरेच अर्ज आजही इंग्रजीत लिहिले जातात आणि त्यांत म्युटेशन व पार्टिशन या दोन शब्दांची गल्लत होते. शब्दकोशात त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्याचा मूळ अर्थ बदल, म्हणून जनुकांतील बदलालाही तोच शब्द. दुसऱ्याचा अर्थ विभागणी, म्हणून कचेरीतल्या आडभिंतीलाही तो चालतो. तेव्हा अर्थ पाठ करण्याऐवजी, शब्द वाक्यात कशाला लागतो आहे ते आधी पाहावे.

त्यासाठी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा सरकारी उतारा, समोर ठेवावा. त्यावर सर्वे नंबर, हिस्सा नंबर आणि कब्जेदाराचे नाव हे रकाने असतात. म्युटेशन, म्हणजेच फेरफार, नावाच्या रकान्याला लागतो. वडील वारल्यावर तीन भावांची नावे लागली, तर म्युटेशन झाले. मात्र तिघेही त्याच हिस्सा नंबराखाली एकत्र राहतात, आणि एकाने कुंपणापलीकडचे माड आपले म्हटले तरी उताऱ्यावर ती हद्द कुठेच नसते. पार्टिशन जमिनीला लागते: मोजणी होते, नकाशावर हद्द पडते आणि नवा हिस्सा नंबर मिळतो.

अर्ज लिहिण्यापूर्वी मागणी मराठीत एका वाक्यात मांडावी. ‘माझे नाव लावावे’ असे वाक्य आले, तर म्युटेशन लिहावे आणि अर्ज मामलेदारांकडे द्यावा. ‘माझा वाटा वेगळा करावा’ असे आले, तर पार्टिशन. त्याची तरतूद गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ६१ मध्ये आहे. दोन्ही हवे असेल, तर एकाच वाक्यात ‘किंवा’ घालून दोन्ही शब्द लिहू नयेत, कारण मागणी नेमकी कोणती हे वाचणाऱ्याला कळत नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फेरफारात नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे घरोघरी मानले जाते. पण ही नोंद मुख्यतः महसुलासाठी असते आणि तिने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. म्हणून अर्जात ‘म्युटेशनमुळे मी मालक’ असे न लिहिता, हक्क ज्या दस्तऐवजावरून आला तो खरेदीखत असो वा न्यायालयाचा वाटपाचा आदेश, त्याचा क्रमांक व तारीख नमूद करावी आणि प्रत सोबत जोडावी.